आईची धडधड कुठे गेली

चौदा वर्षं झाली, मी लोकांना ट्रेडमिलवर चालवते. अमरावतीतल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात माझं तेच काम आहे. आलेल्या माणसाच्या छातीवर चिकटपट्ट्या लावायच्या, दंडाला बीपीचा कफ गुंडाळायचा आणि यंत्र सुरू करायचं. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो, चढही वाढतो. पडद्यावर हृदयाच्या रेघा सरकत राहतात आणि कोपऱ्यात ठोक्यांचा आकडा चढत जातो. दोनशेवीसमधून वय वजा करायचं, आणि जे उरेल त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत आकडा गेला की चाचणी पुरी झाली असं यंत्र मानतं.

चाचणीआधी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एक प्रश्न आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. त्याच्यापुढे एक चौकोन फक्त बीटा-ब्लॉकरसाठी. हृदयाची गती खाली ठेवणारी ही गोळी. बीपीसाठी, धडधडीसाठी कितीतरी लोक घेतात. कुणी घेत असेल तर मी तिथे खूण करायची आणि पुढच्या रकान्याकडे वळायची. ही खूण मी हजारदा तरी केली असेल. तिचा अर्थ रस्त्यावरून चालणाऱ्या बाईसाठी काय होतो, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला आईमुळे.

माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आई सहासष्ट वर्षांची आहे आणि माझ्या भावाकडे राहते. बाळापूर नाक्याच्या पुढे आमचं दोन एकर वावर आहे, तिथे भाजीपाला होतो. मोठी पोती भाऊ गाडीवर टाकून बाजारात नेतो. आई मात्र तिचं टोपलं तिच्या हातानं भरते आणि सकाळी जुन्या शहराच्या गल्ल्यांमधून हाळी देत विकते. याची गरज आता कुणालाच नाही, पण ती ऐकत नाही. तिची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. एखाद दिवस गेली नाही तर बायका भावाला फोन करतात.

मागच्या हिवाळ्यात तिला बीपी निघालं. शिवाय अधूनमधून बसल्या जागी हृदय पळायला लागायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रोज सकाळी घ्यायची एक छोटी पांढरी गोळी दिली. ती बीटा-ब्लॉकर होती. मी फोनवर नाव विचारलं, ओळखीचं वाटलं, "चांगली आहे, घेत जा," म्हणून मोकळी झाले.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. मी नुकतीच दवाखान्यात पोचले होते.

"बाई, माहं काळीज गप्प बसलं व."

मी घाईनं विचारलं, "गप्प बसलं म्हणजे?"

"म्हणजे आता चढ चढून आली. पाय भरून आले, कपाळावर घाम आला, अन् इकडे छातीत काईच नाई. जशी काई मी खाटेवर बसून राहिली. हे कसं काय?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. तक्रारही नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "गोळीनं ठोके कमी होतात आई. त्यासाठीच तर दिली आहे."

"ते मले बी समजते. बसल्यावर कमी होऊ दे ना. पण चढावर काहून नाई वाढून राहिले? चढावर त वाढाले पायजेत."

पेशंट उभा होता. मी नंतर बोलते म्हणून फोन ठेवला, आणि नंतर विसरले.

तो चढ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचं वावर नाल्याच्या काठाला, खालच्या अंगाला आहे आणि डांबरी रस्ता वर. वावरातून रस्त्यावर यायला एक पायवाट आहे, फार लांब नाही, पण चांगली उभी. आई चाळीस वर्षं टोपलं घेऊन ती पायवाट चढते. मधोमध एक कडुनिंब आहे. कानात धडधड ऐकू आली की ती निंबाखाली टोपलं उतरवायची, धडधड शांत झाली की पुन्हा उचलायची. कधी निंबाच्या आधीच थांबायची, कधी न थांबता वर यायची. ते तिनं कधी ठरवलं नव्हतं. धडधड सांगायची, ती ऐकायची.

आता धडधड सांगेना.

एप्रिलमधल्या एका सकाळी, ऊन आठ वाजताच पाठीला चटके देत होतं, आई टोपल्यात वांगी आणि पालक भरून चढायला लागली. निंब आला. छाती शांत होती, म्हणून ती थांबली नाही. पाय शिशासारखे झाले होते, पण पायांचं ऐकायची तिला सवय नव्हती. रस्ता दहा पावलांवर असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शहाणपणा इतकाच केला की पडण्याआधी खाली बसली. टोपलं कलंडलं, वांगी घरंगळत खाली गेली.

तिच्या मागून तिची मैत्रीण येत होती. या मावशीचं वावर आमच्या शेजारी आहे, ती झेंडू आणि शेवंती लावते. दोघी एकाच वयाच्या, लग्न होऊन एकाच वर्षी तिथे आलेल्या. मावशीनं आईच्या तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला आणि मग खाली जाऊन वांगी गोळा केली. आई पाच मिनिटांत उठली. भावाला सांगू नको म्हणाली. मावशीनं अर्थातच सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा मला तिचा आधीचा फोन आठवला, आणि लाज वाटली. हृदयाच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी, आणि आईनं इतका नेमका प्रश्न विचारला असताना मी तो ऐकूनच घेतला नव्हता.

मी आमच्या सरांना, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरांना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घेऊन या इकडे. गोळी चालू ठेवूनच चालवून पाहू. गोळी घेऊन त्यांना किती झेपतं, तेच तर आपल्याला बघायचं आहे."

आई एसटीनं आली, सोबत दोन पिशव्या भाजी घेऊन. दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. आजवर किती बायकांना मी ट्रेडमिलवर चढवलं असेल. पण आईच्या छातीवर मी एक चिकटपट्टी चुकीच्या जागी लावली आणि काढून पुन्हा लावली. तिनं माझे कॅनव्हासचे बूट घातले होते, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला होता. पडद्याकडे तोंड करून ती अशी उभी राहिली जसा काही फोटो काढायचा आहे.

"हे माहं काळीज का?" तिनं रेघांकडे बोट दाखवलं.

"हो."

"अन् तो आकडा?"

"मिनिटाला किती ठोके ते. आता अठ्ठावन्न आहेत."

पट्टा सरकायला लागला. तीन मिनिटांनी आकडा शहात्तरवर होता. सहा मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी. तिच्या वयाला यंत्रानं एकशेएकतीसचं लक्ष्य धरलं होतं. तिसऱ्या टप्प्यात चढ चांगलाच उभा झाला, तिच्या मानेवरून घाम वाहत होता, दांडा धरलेल्या बोटांची नखं पांढरी पडली होती, आणि आकडा सत्त्याण्णव. तिथून तो हलेना.

"पाय गेले बाई, बंद कर," ती म्हणाली.

मी पट्टा हळू केला. एकदम बंद करत नाही. दोन मिनिटं सावकाश चालू देतो, नाहीतर चक्कर येते. ती चालत होती आणि पडद्यावरून तिची नजर हटत नव्हती. रिपोर्ट छापून आला. त्यावर यंत्रानं नेहमीचं वाक्य लिहिलं होतं, ठोक्यांचं लक्ष्य गाठलं नाही.

तिला मराठीत अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी नापास?"

सर हसले. "मावशी, नापास तुम्ही नाही, ते लक्ष्य. गोळी न घेणाऱ्यांसाठी ते लक्ष्य आहे. तुम्ही घेता, म्हणून तुम्हाला ते लागूच होत नाही. रेघा तुमच्या चांगल्या आहेत."

एवढ्यावर दुसरा पेशंट समाधानानं घरी गेला असता. आई खुर्ची ओढून बसली. "मंग मले असं सांगा डॉक्टरसायेब. पायाले रक्त त जास्त लागते चढावर. ठोके वाढले नाईत त मंग जास्त रक्त येते कुठून?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना बहुधा परीक्षेतच विचारला गेला असेल. ते म्हणाले, "ठोके कमी असले तरी दर ठोक्याला हृदय थोडं जास्त भरतं, जास्त रक्त फेकतं. त्यानं बरंच भागतं. सगळं नाही भागत. म्हणून जोराच्या कामात पाय आधी थकतात. शिवाय उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडेही जावं लागतं, तेव्हा आणखी ओढाताण होते."

"सगळ्याइलेच असं होते का?"

"कमीजास्त. बायकांना, त्यातही वय झालेल्या, अंगानं बारीक बायकांना, तेवढीच गोळी जास्त लागू पडते असं आम्हाला दिसतं. एकीला कसं होईल ते मात्र आधी सांगता येत नाही. तिलाच विचारावं लागतं."

आईला हे उत्तर आवडलं. डॉक्टरला सगळं ठाऊक नाही, हे तो स्वतः सांगतो, याचं तिला फार अप्रूप वाटलं. वाटेत ऑटोमध्ये तिनं दोनदा तेच बोलून दाखवलं.

त्याच ऑटोमध्ये मी एक चूक केली. ती विचारत होती की मग लोकांचे ठोके तुमच्या यंत्रावर वर जातात कसे, त्यातले कित्येक तर हीच गोळी खात असतील. मी म्हटलं, "रोग शोधायचा असला तर डॉक्टर कधीकधी दोन-तीन दिवस आधी गोळी थांबवायला सांगतात. तुझी थांबवली असती तर आकडा चढला असता." मी सहज बोलले. ती "असं का," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

ती माझ्याकडे राहिली त्या चार दिवसांत तिनं माझ्याकडून नाडी बघायला शिकून घेतलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची, घड्याळात अर्धं मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण हिशेबात तिचा हात कुणी धरणार नाही. पहिल्या दिवशी तिला नाडी सापडेना. दुसऱ्या दिवसापासून ती घरातल्या प्रत्येकाचा हात धरून बसू लागली. माझ्या नवऱ्याची नाडी तिनं जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजली, आणि जेवणानंतर वाढते असं आम्हाला जाहीर केलं.

अकोल्याला परत गेल्यावर तिनं भावाचं जुनं, सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ मागून घेतलं. आणि मग तिला सापडली फुलवाली मावशी. ही बाई तिच्याच वयाची, तोच चढ चढणारी, आणि एकही गोळी न घेणारी. आईला आणखी काय हवं होतं!

आता रोज सकाळी मला फोन येऊ लागले. दोघी रिकाम्या हातानं सोबत चढायच्या, रस्त्यावर पोचल्या की आई आधी मावशीचा हात धरायची, मग स्वतःचा.

"तिचे एकशेबावीस झाले. माहे चौऱ्याऐंशी. अन् दोघीइचा घाम सारखाच!"

दुसऱ्या दिवशी तिनं मावशीला टोपलं घ्यायला लावलं. तिसऱ्या दिवशी स्वतः घेतलं. एकदा भर उन्हात, एकदा पहाटे. निष्कर्ष एकच, की मावशीचा आकडा पळतो आणि आईचा रांगतो, पण पाय आईचेच आधी बोलतात.

यात मावशीची पंचाईत झाली. रोज आपला आकडा मोठा आणि मैत्रिणीचा लहान, हे ऐकून तिला वाटू लागलं की आपल्यातच काही बिघाड आहे. एके दिवशी आईच्या फोनवरून तीच बोलली.

"बाई, तुह्या मायचं काळीज थंड हाये, माहं असं काहून भडकते व? मले बी देना एखादी गोळी. तुही माय देतो म्हणते अर्धी."

मी जवळजवळ ओरडलेच. मावशीला थंडीत दमा होतो, ती श्वासाचा पंप ओढते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. दम्याच्या माणसाला ही गोळी भलतीच महागात पडू शकते. मी दोघींना फोनच्या स्पीकरवर उभं केलं आणि एकीची गोळी दुसरीनं खायची नाही, हे चारदा म्हणवून घेतलं. मावशीला सांगितलं की चढावर एकशेबावीस म्हणजे तुमचं हृदय जे करायला हवं तेच करतंय.

"म्हणजे माहंच बरोबर हाये?" मावशी खूश झाली.

मागून आई म्हणाली, "अन् माहं चूक नाई. डॉक्टरनं सांगतलं."

मला वाटलं, आता भागलं. पण आईच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मावशीचा आकडा तिला कळला, गोळीखालचा स्वतःचा आकडा कळला. राहिला होता गोळीशिवायचा स्वतःचा आकडा. आणि तो कसा मिळवायचा हे ऑटोमध्ये मीच तिला सांगून ठेवलं होतं.

तीन सकाळी तिनं गोळी घेतली नाही. कुणाला कळू नये म्हणून पाकिटातून काढून डब्यात टाकली. चौथ्या सकाळी मावशीला सोबत घेऊन, रिकाम्या हातानं, ती चढ चढली.

फोन मावशीचा आला. "बाई, तू ये. तुही माय निंबाखाली बसून हाये. तिचं काळीज पळून राहिलं अन् थांबून नाई राहिलं. तुह्या भावाले बलावलं मी."

मी मिळेल ती एसटी धरली. वाटेतल्या मूर्तिजापूरपर्यंत मला काही दिसलं नाही, बाहेर काय चाललंय तेही कळलं नाही. ऑटोमधलं माझं वाक्य तेवढं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. ईसीजी काढून झाला होता, औषध देऊन गती खाली आणली होती. चेहरा ओढलेला होता, पण डोळे जागे होते.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मोजली मी. निंबाखाली बसल्या बसल्या. अर्ध्या मिनिटात चौऱ्याहत्तर."

एकशेअठ्ठेचाळीस. मला तिच्यावर संतापायचं होतं, आणि संतापता येईना. छातीत घोडं उधळलेलं असताना ही बाई घड्याळ बघत होती.

"काहून बंद केली गोळी?" मी विचारलं. रागात माझी भाषाही माहेरची होते.

"माहं खरं काळीज कसं हाये ते पाहाचं होतं."

तिथले डॉक्टर मागेच उभे होते. ते तरुण होते आणि आईवर चांगलेच चिडलेले होते, पण त्यांनी नीट समजावलं. रोज गोळी मिळत राहिली की शरीर तिच्याशी जुळवून घेतं. ती अचानक बंद केली की हृदय नेहमीपेक्षाही जास्त भडकतं. बीपी वाढतं, छातीत दुखू शकतं, काहींना हृदयाचा झटकाही येतो. थांबवायचीच असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू.

आईनं सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे मी मोजलं ते बी माहं खरं काळीज नव्हतं?"

"नाही आजी. ते गोळी सुटल्यावर बिथरलेलं काळीज होतं."

तिचा चेहरा पडला. दवाखान्यात यावं लागल्याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. एवढा खटाटोप करून प्रयोग वाया गेला, याचं वाईट वाटलं. ते ओळखून मी तिचा हात धरला आणि ऑटोमध्ये मी अर्धवट बोलले होते, चूक माझीही आहे, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू डॉक्टर सांगते तवाच, असं म्हटलं होतं. म्याच ते अर्धं ऐकलं."

दोन दिवसांनी ती घरी आली. गोळी पुन्हा सुरू झाली, पण पायांचा थकवा आणि बसल्या जागचे अठ्ठावन्न ठोके पाहून डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं.

मूळ प्रश्न मात्र तसाच होता. धडधड सांगत नसेल तर थांबायचं कधी? मी अमरावतीला सरांना हे विचारलं. ते म्हणाले, "आकडा सोडा. श्वासावर जायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर आणखी थोडं जोरात चालायला हरकत नाही. वाक्य मधेच तुटायला लागलं की हळू व्हायचं. आणि पायांचं ऐकायचं."

मी हे आईला फोनवर सांगितलं. तिला गाणं येत नाही; आमच्याकडे कुणालाच येत नाही. ती म्हणाली, "हाळी चालते का?"

पुढच्या रविवारी मी अकोल्यात होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. सकाळचे साडेसहा झाले होते. आई टोपलं न घेता खालून निघाली आणि चढता चढता गल्लीत देते तशी हाळी देऊ लागली, "पालक, मेथी, सांबार, वांगे, ढेमसेऽऽ!" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वावरात गिऱ्हाईक कुठलं! पलीकडच्या वावरातून कुणीतरी ओ दिली. निंबापर्यंत हाळी सरळ एका दमात आली. निंबाच्या वर ती सांबारावर तुटली. आई तिथेच थांबली, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे पाहून मान हलवली.

"इथं," ती म्हणाली. "धडधड राहिली असती त तिनं बी मले इथंच थांबवलं असतं."

मागून मावशी येत होती. ती फुलं विकते, तिची हाळी वेगळी आणि आखूड. आईनं तिलाही हाळी द्यायला लावली. मावशीची जवळजवळ तिथेच तुटली. दोघींचे आकडे चाळीसनं वेगळे आणि दम मात्र एकाच जागी संपत होता. हे मी माझ्या पडद्यावर चौदा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, कारण मी आकड्याकडे बघत होते, बाईकडे नाही.

त्यानंतर दवाखान्यात माझ्या कामात एक छोटा बदल झाला. फॉर्मवर बीटा-ब्लॉकरच्या चौकोनात खूण केली की मी आता थांबते आणि विचारते, विशेषतः वयस्क बायकांना, की चढताना आधी काय थकतं, पाय का दम? गोळी सुरू झाल्यापासून काही वेगळं वाटतं का? पहिल्यांदा त्या माझ्याकडे चमकून पाहतात. मग बोलतात. परतवाड्याहून आलेल्या एका बाई म्हणाल्या की मी आळशी झाले असं सून म्हणते, आणि मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दुसरीच्या हाताला तिच्या मुलानं घड्याळ बांधलं होतं. ती रोज तासभर चालायची आणि घड्याळ रोज सांगायचं की व्यायाम झालाच नाही, कारण ठोके त्याच्या ठरलेल्या रेषेपर्यंत जातच नव्हते. ती बिचारी चालणं वाढवतच निघाली होती. त्या बायका जे सांगतात ते मी रिपोर्टच्या खाली, मोकळ्या जागेत, हातानं लिहिते. सर ते वाचतात. आधी ती जागा कोरीच जायची.

आई अजून टोपलं घेऊन जाते, पण लहान. उन्हाळ्यात सातच्या आत वर येते. गोळी चुकवत नाही. आता तिचे प्रश्न वेगळ्या वाटेनं येतात. हात थंड पडतात ते यानंच का? झोपेत ठोके किती होत असतील? एखाद्याला मी सरांकडून उत्तर आणते, एखाद्याला ते खांदे उडवतात. ज्याला ते खांदे उडवतात तो प्रश्न तिला जास्त आवडतो.

मागच्या महिन्यात सकाळी तिचा फोन आला. वावरात, झेंडूच्या बांधावर, धामण निघाली होती.

"हातभर अंतरावरून गेली व. मी उभीच. छाती एकदम गप्प. हात बी नाई थरथरले. मंग मी इचार करून राहिली, मी भेली का नाई भेली?"

ही गोळी भीतीनं होणारी धडधड आणि थरथरही कमी करते, हे मी वाचलं होतं. पण धडधडलंच नाही तर माणूस भ्यालं का, हे कुणी कसं सांगायचं! मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"तेच त समजून नाई राहिलं. आधी छाती सांगे."

मागून मावशीचा आवाज आला. ती मोठ्यानं हसत होती. "भेली कशी नाई? अशी उडाली का टोपलं माह्या पायावर टाकलं! अंगठा सुजला माहा!"

आई बहुधा मावशीच्या अंगठ्याकडे पाहत होती.

"मंग भेली असन," ती म्हणाली, आणि अंगठ्याला हळद लावायला निघून गेली.